सामाईक इंटरनेट जोडणी आणि फायरवॉलची मांडणी

भारतात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्यानंतरच्या तीन दशकांत ही सेवा महानगरांतील मोठ्या कचेऱ्यांपुरती मर्यादित राहिली नाही. ग्रामपंचायती, शाळा, सहकारी पतसंस्था व ग्रामवाचनालये यांच्यापर्यंत ती येऊन पोहोचली. दाखले, उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, करभरणा इत्यादी नित्याची कामे आता या मार्गाने होतात. तथापि पुष्कळ लहान कार्यालयांत जोडणी एकच असते आणि संगणक मात्र तीन-चार असतात. अशा ठिकाणी एका संगणकाला मिळालेली जोडणी इतरांनाही उपलब्ध करून देणे, म्हणजेच ती सामाईक करणे, हा सोयीचा व काटकसरीचा मार्ग ठरतो.

या मार्गात एक अडचण हमखास उभी राहते. जोडणी सामाईक केल्यावरही इतर संगणकांवर काहीच उघडत नाही. मग कोणीतरी प्रयोग म्हणून सुरक्षा-प्रणाली बंद करून पाहतो, जोडणी तत्काळ चालू होते, आणि काम भागले म्हणून ती प्रणाली पुढे कायमची बंदच राहते. ज्या संगणकात नागरिकांचे दाखले, बँकखात्यांचे क्रमांक व विद्यार्थ्यांची माहिती साठविलेली असते, तोच संगणक अशा रीतीने उघड्या रस्त्यावर येतो. सुरक्षा-प्रणाली चालू ठेवून जोडणी सामाईक करता येते काय, आणि येत असल्यास कोणते नियम मांडावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जोडणी सामाईक कशी होते

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. या पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असल्यामुळे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतकेच होतात. जगातील सर्व संगणकांना ते पुरणार नाहीत हे १९९० नंतरच्या काही वर्षांतच ध्यानी आले. यावर उपाय म्हणून काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९९६ साली निश्चित झालेल्या व्यवस्थेनुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या मर्यादेतील आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणालाही आपल्या अंतर्गत जाळ्यात वापरता येतात. बाहेरच्या जगात मात्र या पत्त्यांना स्थान नाही.

अंतर्गत पत्त्याच्या संगणकाला बाहेर बोलता यावे याकरिता पत्ता बदलून देणारा एक मध्यस्थ लागतो. त्याचे काम कचेरीतील जावक-आवक शाखेसारखे असते. कचेरीतील कोणत्याही टेबलावरचे पत्र बाहेर जाते ते कचेरीच्या एकाच पत्त्यावरून. जावक कारकून त्यावर क्रमांक घालतो आणि हे पत्र कोणत्या टेबलाचे, ते नोंदवहीत लिहून ठेवतो. उत्तर आले की तो क्रमांक पाहून ते योग्य टेबलावर पोहोचविले जाते. ज्या पत्रावर असा कोणताच जावक क्रमांक नाही, ते कोणत्या टेबलाकडे द्यावे हे शाखेला कळत नाही. पत्तांतराची ही पद्धत १९९४ साली प्रथम तपशीलवार मांडली गेली.

विंडोज या कार्यप्रणालीत ही सोय १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून अंतर्भूत झाली. ज्या संगणकाला बाहेरची जोडणी आहे त्याला येथे यजमान संगणक म्हटले आहे व इतरांना अंतर्गत संगणक. जोडणी सामाईक करताच यजमान संगणक तीन कामे अंगावर घेतो. पहिले, अंतर्गत संगणकांना पत्ते वाटून देणे. दुसरे, संकेतस्थळांची नावे अंकी पत्त्यांत रूपांतरित करून देणे. आणि तिसरे, अंतर्गत संगणकांची विनंती पत्तांतर करून बाहेर पाठविणे व उत्तर परत आणणे. या तीन कामांपैकी कोणतेही एक अडले, तरी वापरणाऱ्याला दिसणारे चित्र एकच असते : इंटरनेट चालत नाही.

फायरवॉलचे कार्य

फायरवॉल म्हणजे संगणकाच्या देवडीवरचा पहारा होय. संगणकाकडे येणारी व त्यातून जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक असतो. पत्ता हा वाड्याचा असेल, तर पोर्ट हा त्या वाड्याचा विशिष्ट दरवाजा समजावा. असे दरवाजे ० ते ६५,५३५ या क्रमांकांचे असतात. फायरवॉल या तिन्ही गोष्टी पाहून, घालून दिलेल्या नियमांप्रमाणे पुडके आत सोडते किंवा अडविते.

आधुनिक फायरवॉल याखेरीज आणखी एक गोष्ट पाहते. आतून कोणी विनंती पाठविली असेल तर तिचे उत्तर आत येऊ दिले जाते. न मागता बाहेरून आलेले पुडके मात्र अडविले जाते. सर्वसाधारण वापरासाठी हा नियम पुरेसा व उत्तम आहे. एकट्या संगणकावर बसून संकेतस्थळे पाहणाऱ्याला फायरवॉलचा कोणताही अडथळा जाणवत नाही तो यामुळेच.

विरोध कोठे उद्भवतो

यजमान संगणक सामाईक जोडणी देऊ लागला की त्याची भूमिका पालटते. आतापर्यंत तो केवळ विचारणारा होता, आता तो उत्तर देणाराही होतो. अंतर्गत संगणकांच्या विनंत्या त्याच्या दृष्टीने न मागता आलेली पुडकीच असतात. साहजिकच पहारेकरी त्यांना अडवितो. हा विरोध मुख्यतः चार ठिकाणी दिसून येतो.

पत्त्यांची वाटणी हे पहिले ठिकाण. नवा अंतर्गत संगणक चालू होतो तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता नसतो. म्हणून तो ०.०.०.० या पत्त्यावरून, ६८ क्रमांकाच्या पोर्टातून, सर्वांना उद्देशून हाक घालतो. ही हाक यजमान संगणकाच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टावर यावी लागते. ती अडली तर अंतर्गत संगणक काही वेळ वाट पाहतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करतो. असा पत्ता दिसला म्हणजे पत्ता वाटणाऱ्यापर्यंत हाक पोहोचली नाही, किंवा तेथून उत्तर आले नाही, असे समजावे.

दुसरे ठिकाण नावांचे रूपांतर. ही विचारणा ५३ क्रमांकाच्या पोर्टावर येते. ती अडली तर पत्ता मिळूनही कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही.

तिसरे ठिकाण पुढे पाठविण्याचे. अंतर्गत संगणकाचे पुडके यजमानासाठी नसते, ते यजमानातून बाहेर जावयाचे असते. काही सुरक्षा-प्रणाली अशा परक्या पुडक्यांची वाहतूक मुळातच नाकारतात. ती मान्य करण्यासाठी या संगणकाचा वापर प्रवेशद्वार म्हणून होत आहे असे प्रणालीला स्पष्टपणे सांगावे लागते.

चौथे ठिकाण जाळ्याच्या वर्गीकरणाचे. विंडोजची फायरवॉल जाळ्यांचे तीन वर्ग मानते : संस्थेच्या नियंत्रणाखालील, खासगी आणि सार्वजनिक. यजमान संगणकाचे आतल्या बाजूचे नेटवर्क कार्ड पुष्कळदा अनोळखी जाळे म्हणून नोंदले जाते व सार्वजनिक वर्गात पडते. या वर्गाचे नियम सर्वांत कडक असतात. परिणामी आपल्याच कचेरीतील संगणक यजमानाला परके वाटू लागतात.

नियम मांडण्याचा क्रम

विंडोजची स्वतःची फायरवॉल वापरात असेल, तर जोडणी सामाईक करताच आवश्यक ते नियम बहुधा आपोआप लागू होतात. अडचण विशेषतः वेगळी विकत घेतलेली सुरक्षा-प्रणाली असेल तेव्हा येते. अशी प्रणाली सामान्यतः विंडोजच्या फायरवॉलचे काम आपल्याकडे घेते. दोन फायरवॉल एकाच संगणकावर एकाच वेळी चालवू नयेत. एकीने सोडलेले पुडके दुसरी अडविते आणि दोष नेमका कोठे आहे ते कळेनासे होते.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. यजमान संगणकाच्या नेटवर्क जोडण्यांची यादी उघडून बाहेरची जोडणी कोणती व आतली कोणती हे निश्चित करावे. दोन्हींना मराठीत ‘बाहेर’ व ‘आत’ अशी नावे देऊन ठेवल्यास पुढील घोटाळा टळतो. सामाईक करावयाची असते ती बाहेरची जोडणी. चुकून आतली जोडणी सामाईक केली गेली, तर यजमान संगणक बाहेरच्या जाळ्यातच पत्ते वाटू लागतो व इतरांचीही व्यवस्था बिघडते.

२. बाहेरच्या जोडणीच्या गुणधर्मांत सामाईक वापराची परवानगी द्यावी. विंडोज ७ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत यजमानाला आतल्या बाजूने १९२.१६८.१३७.१ हा पत्ता मिळतो. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत तो १९२.१६८.०.१ असे. अनेक मोडेमांचा पत्ताही १९२.१६८.०.१ असल्याने जुन्या संगणकांवर दोघांची टक्कर होत असे. संगणकात पत्ता भरताना आकडे आंतरराष्ट्रीय रूपातच लिहावेत, देवनागरी रूपात नव्हे.

३. सुरक्षा-प्रणालीत आतल्या नेटवर्क कार्डापुरता नियम करावा : ६७ क्रमांकाच्या पोर्टावर येणारी पत्त्याची मागणी आणि ५३ क्रमांकाच्या पोर्टावर येणारी नावाची विचारणा यांस परवानगी. पत्त्याच्या मागणीचा नियम करताना पाठविणाऱ्याच्या पत्त्याची अट घालू नये. मागणी करणाऱ्याला अद्याप पत्ताच नसतो, म्हणून तो ०.०.०.० वरून बोलतो आणि अशी अट त्याला बाहेर ठेवते. अट घालावयाची ती नेटवर्क कार्डाची. ५३ क्रमांकासाठी मात्र १९२.१६८.१३७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची अट घालणे योग्य होय.

४. प्रणालीत प्रवेशद्वार म्हणून वापर करण्याचा किंवा सामाईक जोडणीस मुभा देण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा.

५. बाहेरच्या नेटवर्क कार्डावरील नियमांना हात लावू नये. तेथे न मागता येणारे प्रत्येक पुडके पूर्ववत अडविले गेले पाहिजे. सामाईक जोडणीसाठी बाहेरच्या बाजूने एकही दरवाजा उघडावा लागत नाही.

६. अंतर्गत संगणकांवर पत्ता आपोआप मिळविण्याचा पर्याय ठेवावा. त्यांच्या फायरवॉलमध्ये आत येणाऱ्या पुडक्यांसाठी कोणताही नवा नियम लागत नाही. ते केवळ विचारणारे असतात.

बऱ्याच प्रणालींत संपूर्ण अंतर्गत जाळे एका खटक्यात विश्वसनीय ठरविण्याची सोय असते. ती सोपी आहे, परंतु तिच्यामुळे गरजेपेक्षा अधिक दरवाजे उघडतात. विंडोजमध्ये खासगी वर्ग निवडल्यावरही फाइली व मुद्रणयंत्र वाटण्यासंबंधीचे दरवाजे उघडले जाऊ शकतात. सर्व संगणक एकाच कार्यालयाचे व एकाच देखरेखीखालचे असतील तर हे चालण्यासारखे आहे. वाचनालयात वाचकांचे किंवा शाळेत विद्यार्थ्यांचे संगणक त्याच जाळ्यात येत असतील, तर वर सांगितलेले मोजके नियमच इष्ट होत.

दोष शोधण्याची रीत

नियम मांडूनही जोडणी चालत नसेल, तर अंदाजाने एकामागून एक पर्याय बदलत जाऊ नये. अंतर्गत संगणकावर बसून क्रमाने तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

प्रथम, संगणकाला कोणता पत्ता मिळाला आहे? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तार व नेटवर्क कार्ड ठीक आहेत याची खात्री करून ६७ क्रमांकाचा नियम तपासावा. पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर पत्त्यांची वाटणी नीट चालली आहे.

दुसरे, बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याकडून प्रतिसाद मिळतो काय? यासाठी ८.८.८.८ या सुपरिचित नामसेवकाच्या पत्त्याला पिंग ही आज्ञा देऊन पाहता येते. प्रतिसाद मिळाला व तरीही संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर दोष ५३ क्रमांकाच्या नियमात आहे.

तिसरे, योग्य पत्ता मिळूनही बाहेरून प्रतिसादच नाही, आणि यजमान संगणकावर मात्र इंटरनेट चालू आहे, असे आहे काय? तसे असल्यास पुढे पाठविण्याची परवानगी मिळालेली नाही, किंवा चुकीची जोडणी सामाईक झाली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खुद्द यजमान संगणकाला पिंग केल्यास प्रतिसाद न मिळणे हा दोषाचा पुरावा नव्हे. सार्वजनिक वर्गात अशी विचारणा फायरवॉल मूळ मांडणीतच अडविते.

विंडोज १० मध्ये यजमान संगणक पुन्हा सुरू केल्यावर सामाईक जोडणी बंद पडल्याची तक्रार आढळते. तेथे दोष फायरवॉलचा नसून सामाईक जोडणीची सेवा आपोआप सुरू न होण्याचा असतो. सेवांच्या यादीत तिची सुरुवात स्वयंचलित करणे हा पहिला उपाय होय. या कार्यप्रणालीला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सबब यजमान म्हणून आधार चालू असलेल्या आवृत्तीचाच संगणक निवडणे श्रेयस्कर ठरेल.

कारण शोधताना क्षणभर फायरवॉल बंद करून पाहण्याचा मोह होतो. तसे करावेच लागले तर नागरिकांची माहिती नसलेल्या संगणकावर, मोजक्या मिनिटांपुरते करावे. या प्रयोगाने दोष फायरवॉलमध्ये आहे एवढेच कळते, कोणत्या नियमात आहे ते कळत नाही.

बंद पहाऱ्याची किंमत

११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर नावाचा संगणक-कृमी पसरू लागला. तो १३५ क्रमांकाच्या पोर्टातून शिरत असे. वापरणाऱ्याने कोणतीही फाइल उघडण्याची आवश्यकता नव्हती, संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. विंडोजमधील संबंधित त्रुटीची दुरुस्ती १६ जुलै २००३ रोजीच प्रसिद्ध झाली होती, परंतु असंख्य संगणकांवर ती बसविली गेली नव्हती. विंडोज एक्सपी मध्ये त्या वेळी फायरवॉल होती, पण मूळ मांडणीत ती बंद असे. हा धडा घेऊन ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सुधारणा-संचापासून ती सुरुवातीपासूनच चालू ठेवण्यात आली. आज जो पहारा अडचणीचा वाटतो, त्याचा जन्म असा अनुभवातून झाला आहे.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर कृमीने दुसरी बाजू दाखवून दिली. फाइली वाटण्यासाठी वापरला जाणारा ४४५ क्रमांकाचा पोर्ट हा त्याचा मार्ग होता. या त्रुटीचीही दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. हा कृमी इंटरनेटवरून पसरे, तसाच एकाच अंतर्गत जाळ्यातील शेजारच्या संगणकांतही शिरे. सुमारे १५० देशांतील संगणकांना त्याची बाधा झाली आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बाहेरची देवडी बंद असली तरी आतल्या खोल्यांची दारे सताड उघडी ठेवू नयेत, हा त्याचा बोध आहे.

पत्तांतरामुळे अंतर्गत संगणक बाहेरून दिसत नाहीत, म्हणून फायरवॉलची गरज नाही, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. पत्तांतर ही पत्त्यांच्या टंचाईवरील योजना आहे. यजमान संगणकाचे स्वतःचे दरवाजे तिच्यामुळे बंद होत नाहीत. शिवाय पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ द्विमान अंकांचा असून टंचाईचा प्रश्नच उरत नाही. तेथे प्रत्येक संगणकाला बाहेरून पोहोचता येण्याजोगा पत्ता मिळू शकतो, आणि मग पहारा देण्यास फायरवॉलच उरते.

नोंद आणि जबाबदारी

सामाईक जोडणीत बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो. आतील कोणत्याही संगणकावरून गैरकृत्य घडले, तरी चौकशी त्या एका पत्त्याच्या धारकाकडे येते. कोणत्या टेबलावरून पत्र गेले याची जावक नोंद नसेल, तर सर्व कचेरी संशयास पात्र होते. भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत.

विंडोजच्या फायरवॉलमधील नोंदवही मूळ मांडणीत बंद असते. ती चालू करावी. तिच्या फाइलीची मर्यादा मूळ मांडणीत ४,०९६ किलोबाइट असून ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जाऊ लागतात. याकरिता मर्यादा वाढवून ठरावीक काळाने तिची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. शासकीय जाळ्यावरील जोडणी सामाईक करण्यापूर्वी आपल्या विभागाच्या माहिती-तंत्रज्ञान अधिकाऱ्याची लेखी अनुमती घेणे अगत्याचे आहे.

यजमान संगणक बंद झाला वा निद्रावस्थेत गेला की सर्वांची जोडणी तुटते, ही या व्यवस्थेची स्वाभाविक मर्यादा आहे. संगणकांची संख्या वाढू लागली, तर हे काम स्वतंत्र राउटरकडे सोपविणे व नागरिकांची माहिती असलेला संगणक या जबाबदारीतून मोकळा करणे केव्हाही अधिक चांगले. तोपर्यंत दोन आवश्यक दरवाजे तेवढे आतल्या बाजूने उघडावेत, बाहेरची बाजू बंद ठेवावी, आणि कोणता नियम कोणी, कोणत्या दिवशी व कशासाठी केला याची एका वहीत नोंद करावी. कर्मचारी बदलून गेला तरी त्याच्या जागी येणाऱ्यास ती वही उपयोगी पडेल, आणि अडचण आली म्हणून पहारा उठविण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.